अनादि विश्व आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय

डॉ. जयंत विष्णू नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मी त्यांची दोन पुस्तके पुन्हा एकदा सलग वाचून काढली : ‘आकाशाशी जडले नाते’ हे खगोलशास्त्राची ओळख करून देणारे पुस्तक आणि ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे साहित्य अकादमीचा २०१४चा पुरस्कार लाभलेले आत्मचरित्र. एका धर्मगुरूने आपल्या त्रैमासिकात या पुस्तकांविषयी का लिहावे, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे एक उत्तर मराठी साहित्यव्यवहारातच आहे. त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ‘सुबोध बायबल’चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले आणि त्यापाठोपाठ चौऱ्याण्णवाव्या संमेलनासाठी नारळीकरांची निवड झाली. मराठी वाचकाने लागोपाठ दोन वर्षी या दोघांना एकाच आसनावर बसविले. आपल्या घरांत मात्र अजूनही एकाचे पुस्तक देवाच्या तसबिरीखाली आणि दुसऱ्याचे मुलांच्या अभ्यासाच्या कपाटात असते, आणि या दोन जागांमधले अंतर ओलांडायला फारसे कोणी मदत करीत नाही.

दुसरे उत्तर अधिक खाजगी आहे आणि ते सांगताना मला संकोच वाटतो.

मला गुरुदीक्षा मिळून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पास्काच्या जागरणविधीत उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचला जातो, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या रात्री प्रवचनात मी मोठ्या आवेशाने सांगितले की, देवाने प्रकाश निर्माण केला हे जे मोशेच्या परंपरेने सांगितले, तेच आज शास्त्रज्ञांनी महास्फोटाच्या सिद्धांताने सिद्ध केले आहे. लोकांना प्रवचन आवडले. विधी संपल्यावर एका मराठी शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या बाई मला सभामंडपाच्या दाराशी भेटल्या. त्या म्हणाल्या, “फादर, महास्फोटामुळे बायबल खरे ठरले, असे तुम्ही म्हणालात. मग उद्या आपल्या गणेशखिंडीतल्या नारळीकरांचे म्हणणे खरे निघाले, तर आम्ही बायबल मिटून ठेवायचे का?”

मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र गेला नाही. बाईंना ठाऊक होते आणि मला अर्धवटच ठाऊक होते की, ज्या विश्वाला आरंभच नाही अशा विश्वाची बाजू मांडणारा जगातील एक अग्रगण्य शास्त्रज्ञ आमच्याच शहरात, विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’मध्ये बसून काम करीत होता. १९८८ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे ते संस्थापक-संचालक. २००३पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली.

आता पुस्तकांकडे वळू. आत्मचरित्रातील चार नगरे म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. माझ्या मते यांतील केंब्रिजचा भाग सर्वांत सरस आहे. पुण्याच्या भागात संस्था उभारणीचे तपशील येतात. ते महत्त्वाचे असले तरी सामान्य वाचकाला कोठे कोठे लांबल्यासारखे वाटतात. केंब्रिजच्या पानांत मात्र एका तरुण मुलाची धडधड ऐकू येते. तेथे त्यांचे गुरू होते फ्रेड हॉईल. विश्व सतत प्रसरण पावते, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते, त्यामुळे विश्व सदैव सारखेच दिसते, त्याला ना आदि ना अंत, असे मांडणाऱ्या स्थिरस्थिती सिद्धांताचे हॉईल हे एक जनक. गंमत अशी की, प्रतिस्पर्धी सिद्धांताला ‘बिग बँग’ हे नाव याच हॉईल यांनी १९४९ साली बीबीसीच्या एका भाषणात दिले. विरोधकाने ठेवलेले नाव सगळ्या जगाने उचलले, आणि मराठीत त्याचा ‘महास्फोट’ झाला.

१९६१च्या फेब्रुवारीत केंब्रिजचेच रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांनी जाहीर केले की, दूरचे, म्हणजेच प्राचीन, रेडिओ स्रोत अपेक्षेपेक्षा संख्येने जास्त आढळतात. अर्थात भूतकाळातील विश्व आजच्यासारखे नव्हते. हा स्थिरस्थिती सिद्धांतावर थेट घाव होता. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत त्याला उत्तर देण्याची वेळ आली, तेव्हा हॉईल अन्यत्र गुंतलेले होते. उत्तर देण्यासाठी उभा राहिला तो त्यांचा बावीस वर्षांचा विद्यार्थी, जयंत नारळीकर. हा प्रसंग ज्या निगर्वी भाषेत आपल्यापुढे येतो ती मराठी विज्ञानलेखनाचा एक नमुनाच होय. नारळीकरांची भाषा उद्गारचिन्हांची नाही. मोठ्या आकड्यांचा ते वाचकाला धाक घालीत नाहीत आणि प्रतिपक्षाची खिल्लीही उडवीत नाहीत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठविली होती, ती परीक्षकांवर नावाचे वजन पडू नये म्हणून. तीच वृत्ती त्यांच्या गद्यातही आहे. आम्हा प्रवचनकारांना तिच्यापासून घेण्यासारखे बरेच आहे.

तरीही समीक्षकाने हातचे राखून बोलू नये. नारळीकरांच्या विश्वाच्या विरोधात पुरावा साचत गेला, हे सांगितलेच पाहिजे. १९६५ साली पेंझियास आणि विल्सन या दोघांचा शोध प्रसिद्ध झाला : आकाशाच्या सर्व दिशांनी सूक्ष्मलहरींच्या रूपात एक मंद ऊब येत आहे. उष्ण आणि दाट आरंभाची ती उरलेली धग होय, असे बहुतेकांनी मानले. पुढे १९९३ साली हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी आपला सिद्धांत नव्याने मांडला. त्यात विश्व सुमारे पाच हजार कोटी वर्षांच्या आवर्तनांत फुगते आणि आकसते, आणि हे अखंड चालू राहते. मंद ऊब कशी समजावायची? ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या धुळीत शोषला जाऊन पुन्हा बाहेर पडतो, असे त्यांचे उत्तर. मी शास्त्रज्ञ नाही. पण वाचक म्हणून मला या ठिकाणी धागा ओढूनताणून जोडल्यासारखा वाटतो, आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांनीही तो स्वीकारला नाही.

मात्र नारळीकरांच्या बाजूने एक गोष्ट नमूद करावयास हवी, कारण ती विश्वाच्या वयाशीच निगडित आहे. १९९४च्या सुमारास हबल दुर्बिणीतून घेतलेल्या मापनांवरून विश्वाचे वय आठशे ते बाराशे कोटी वर्षे येऊ लागले, आणि काही ताऱ्यांची वये मात्र चौदाशे कोटींच्याही पुढे जात होती. आईपेक्षा लेक वयाने मोठी! त्या वर्षांत महास्फोटाविषयी शंका घेणे हा हट्ट नव्हता, तो प्रामाणिक प्रश्न होता. १९९८ साली विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचे दिसून आले, ताऱ्यांची अंतरेही अधिक अचूक मोजली गेली, आणि हिशेब जुळला. आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आणि पृथ्वीचे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. पृथ्वीचा आकडा १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणांतील शिशाच्या प्रमाणावरून काढला होता. त्यात पुढे फारसा फरक पडला नाही.

एवढे मोठे आकडे मनाला धरता येत नाहीत. म्हणून पुणेकर वाचकांनी आपल्या पायाखाली पाहावे. आपल्या जुन्या चर्चच्या पायऱ्या, पाताळेश्वराची लेणी, पर्वतीच्या टेकडीचा कातळ हे सारे एकाच काळ्या दगडाचे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे आहे. या दगडातील पोटॅशियमचा एक अंश संथ आणि ठरावीक गतीने अरगॉन वायूत बदलत असतो; किती बदलला हे मोजले की दगडाचे वय कळते. आता विश्वाचे सगळे आयुष्य एका वर्षात बसवून पाहा. पृथ्वी सप्टेंबरच्या प्रारंभी घडते, आणि आपल्याला ‘सनातन’ वाटणारा हा सह्याद्रीचा कातळ ३० डिसेंबरच्या पहाटे वाहू लागतो.

याच मापाने आणखी एक आकडा मोजावा, कारण तो आपल्या घरचा आहे. नाताळच्या रात्री मध्यरात्रीच्या मिस्सापूर्वी ख्रिस्तजन्माची घोषणा करण्याची प्राचीन प्रथा आहे. जुन्या रोमन मार्टिरॉलॉजीनुसार या घोषणेत ख्रिस्तजन्म जगाच्या निर्मितीपासून ५१९९व्या वर्षी झाला असे म्हटले जाई. आपल्या एका वर्षाच्या मापात निर्मितीपासून आजपर्यंतचा हा सगळा काळ सोळा-सतरा सेकंदांचा भरतो. हा आकडा बायबलात कोठेही लिहिलेला नाही. युसेबियस आदी प्राचीन विद्वानांनी जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातील कुलपुरुषांची वये बेरजेस घेऊन तो काढला. हिब्रू संहितेवरून बेरीज करणाऱ्या आयर्लंडच्या अँग्लिकन आर्चबिशप अशर यांना १६५० साली ख्रिस्तपूर्व ४००४ हे वर्ष मिळाले. एकाच धर्मग्रंथावरून बाराशे वर्षांची तफावत! २००१च्या सुधारित मार्टिरॉलॉजीत ख्रिस्तसभेने तो आकडा काढून टाकला आणि निर्मितीनंतर अगणित युगे लोटली, अशा आशयाचे शब्द घातले. बदल शांतपणे झाला. माझी तक्रार एवढीच की तो फारच शांतपणे झाला. का झाला हे आपल्या भाविकांना कोणी समजावून सांगितले नाही. मीही नाही.

येथे आपल्या शेजाऱ्यांची आठवण होते. सत्यनारायणाच्या पूजेला बसलेल्या यजमानाकडून गुरुजी संकल्प म्हणवून घेतात, तेव्हा त्यात कल्प, मन्वंतर, युग यांचा उच्चार करून मगच त्या दिवसाच्या तिथीवर येतात. आपली नाताळची घोषणा आणि हा संकल्प या दोन्हींची धाटणी एकच : अफाट काळाच्या पटावर आजच्या क्षणाची जागा निश्चित करणे. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ छापले आणि त्याच्या आदिपुराणात सृष्टीच्या उत्पत्तीची कथा मराठी ओवीत सांगितली, तेव्हा त्यांच्या श्रोत्यांचे कान कल्प आणि युगे ऐकत वाढलेले होते. अवघ्या काही हजार वर्षांचे जग त्यांना किती तोकडे वाटले असेल, असा विचार शांताराम बंडेलूंनी संपादित केलेली १९५६ची पुण्याची आवृत्ती चाळताना माझ्या मनात येतो. त्याच १६१६ साली रोममध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर निर्बंध आला होता, हेही विसरता येत नाही.

पण हल्ली काही मंडळी सांगतात की, ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय ४५४ कोटी, तेव्हा पुराणांना सगळे ठाऊकच होते. कल्प हे एका आवर्तनाचे माप आहे, पृथ्वीचे वय नव्हे. आणि परंपरेच्याच गणितानुसार चालू कल्पाची १९७ कोटी वर्षेच उलटली आहेत. अशा जुळवाजुळवीविषयी नारळीकरांना अजिबात ममत्व नव्हते. मला त्यांचे हे परखडपण मनापासून पटले. पटल्यावर ध्यानात आले की, त्या पास्काच्या रात्री मीही दुसरे काहीच केले नव्हते. शेजाऱ्याचा ४३२चा आकडा मला लगेच दिसला. स्वतःचा ‘प्रकाश’ दिसला नाही.

माझ्याहून फार थोर व्यक्तीच्या हातूनही हे घडले होते, एवढाच काय तो दिलासा. महास्फोटाच्या कल्पनेचा उगम बेल्जियमच्या एका कॅथोलिक धर्मगुरूपाशी आहे. १९२३ साली गुरुदीक्षा घेतलेल्या जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली प्रसरणशील विश्वाचे गणित मांडले आणि १९३१ साली सारे विश्व एका ‘आद्य अणू’तून निघाले अशी कल्पना पुढे केली. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी पोंटिफिकल विज्ञान अकादमीपुढे केलेल्या भाषणात असे सुचविले की, आधुनिक विज्ञान जणू त्या आदिम प्रकाशाच्या उच्चाराची साक्ष देत आहे. अकादमीचे सदस्य असलेले लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत भौतिकशास्त्राचा आहे, श्रद्धावंत आणि निरीश्वरवादी या दोघांनीही तो पुराव्यावरच तोलावा, असे त्यांचे मत होते. सप्टेंबर १९५२मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे पोप पुन्हा बोलले, तेव्हा तो दावा त्यांनी केला नाही. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने विश्वप्रसरणाच्या नियमाला हबल आणि लमेत्र या दोघांचे नाव देण्याची शिफारस केली, याचा आपण जरूर आनंद मानावा. पण लमेत्र यांचा अभिमान बाळगायचा, तर त्यांचा हा संयमही बाळगायला हवा.

आणि बाईंच्या प्रश्नाचे उत्तर? ते सेमिनरीत मला शिकविले गेले होते. संत थॉमस ॲक्वायनस यांच्यापुढे हाच प्रश्न तेराव्या शतकात उभा होता, कारण ॲरिस्टॉटलचे विश्वही अनादि होते. संत थॉमस सांगतात : विश्वाला आरंभ आहे हे आपण श्रद्धेने मानतो, बुद्धीने ते सिद्ध करता येत नाही, आणि जे सिद्ध होत नाही ते लंगड्या युक्तिवादांनी सिद्ध करू पाहिल्यास अश्रद्धांना हसण्याचे निमित्त मात्र मिळते. त्याहून पुढे जाऊन ते म्हणतात की, देवाने निर्माण केलेले विश्व अनादि असणे तर्काला अशक्य नाही. संत ऑगस्टीन यांनी प्लेटोपंथीयांचा एक दृष्टांत नोंदविला आहे. धुळीत एक पाऊल अनादि काळापासून उमटलेले असेल, तर ठसाही अनादिच असेल. तरीही तो पावलामुळेच आहे, याविषयी कोणाला शंका येणार नाही. निर्मिती म्हणजे फार पूर्वी एकदा घडलेली घटना एवढाच अर्थ नव्हे. या क्षणीही सृष्टीचे असणे ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याच्याशी असलेले तिचे नाते म्हणजे निर्मिती. विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे असो, की त्याला वयच नसो, ते नाते तसूभरही हलत नाही.

नारळीकरांच्या लेखनातील जी उणीव मला जाणवली, ती नेमकी येथे. हॉईल आणि नारळीकर यांच्या गणितात एक ‘निर्मितिक्षेत्र’ येते. द्रव्य तेथून जन्मते, आणि त्याचेही समीकरण असते. महास्फोटावर त्यांचा आक्षेप असा की, सारे द्रव्य एका क्षणी कोठून आले याचा तो सिद्धांत हिशेब देत नाही. हा आक्षेप भौतिकशास्त्राचा आहे आणि रास्त आहे. त्यात देवाशी वैर नाही, हे आपल्यातील काही जणांनी समजून घ्यावे. पण ‘निर्मिती’ या शब्दाच्या मागे दीड-दोन हजार वर्षांचे दुसरेही एक चिंतन आहे, याची दखल मला त्यांच्या पानांवर आढळली नाही. धर्म त्यांना प्रामुख्याने भेटला तो फलज्योतिष आणि अंधश्रद्धा यांच्या वेषात, आणि त्याच्याशी ते आयुष्यभर सभ्यपणे भांडले. दोष सगळा त्यांच्याकडे टाकणे उचित होणार नाही. दुसरा वेष मराठीत, त्यांच्यासारख्या वाचकाला पटेल अशा भाषेत, आम्ही कितीसा दाखविला? दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ हा मोठा अपवाद. पण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाला आणि १३८० कोटी वर्षांना एकत्र बसवून बोलणारे मराठी कॅथोलिक पुस्तक मला आपल्या धर्मग्रामाच्या कपाटात सापडले नाही.

गेल्या पावसाळ्यात मी बाईंना भेटायला गेलो. त्या आता निवृत्त आहेत. जुन्या प्रश्नाचे उत्तर मी एवढ्या वर्षांनी त्यांना दिले : लमेत्र, संत थॉमस, धुळीतला ठसा, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “फादर, हे त्या रात्रीच सांगायचे होते. माझा मुलगा तेव्हा बारावीत होता. मी तुम्हाला विचारले तो प्रश्न माझा नव्हता, त्याचा होता. तो माझ्या मागेच उभा होता.”

मुलगा पुढे भौतिकशास्त्र शिकला. मिस्साला येणे त्याने त्याच वर्षी सोडले, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. मी सोबत नेलेली नारळीकरांची दोन्ही पुस्तके बाईंनी परत दिली, ती त्याच्याकडे आहेत म्हणाल्या. ‘सुबोध बायबल’ची प्रत मात्र त्यांनी ठेवून घेतली. तो डिसेंबरात बंगळुरूहून येणार आहे.